नवव्या मिनिटाला

माझ्या सख्ख्या भावाला मी पंधरा दिवस हैराण होऊ दिलं. उपाय माझ्या दप्तरात, कंपासपेटीखाली, कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेला होता आणि तो माझ्यासमोर डोकं धरून बसलेला असायचा. मला जरासुद्धा दया आली नाही. उलट त्या पंधरा दिवसांत मला जेवण जास्त जायला लागलं. मी दुष्ट वाटत असेन तर वाटू दे, पण आधी त्यानं काय केलं ते ऐका.

आम्ही घाटनांदूरचे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, स्टेशनच्या रस्त्याला किराणा-भुसारचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच घर. भाऊ श्रीशैल औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी नववीत. दोन हजार तीनच्या दिवाळीत दादा महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि त्यानं घरी कॉम्प्युटर आणला. तयार नाही हं. हैदराबादला जाऊन एकेक भाग निवडला आणि रेल्वेत खोकी मांडीवर धरून आला. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, आणि गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड. अप्पांना त्यानं सांगितलं, अभ्यासाला लागतं. गाड्यांची शर्यत कुठल्या विषयाच्या अभ्यासाला लागते ते अप्पांनी विचारलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मधल्या खोलीचं दार लावून तो दुपारभर जोडत बसला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पडद्यावर लाल गाडी अशी काही सुसाट पळत होती की आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. पुढचे आठ दिवस आमच्या घरात गल्लीतली पोरं मावत नव्हती. सगळ्यात पुढं अमरसिंह. त्याचे वडील तालुक्याचे पुढारी, त्याच्या घरी आधीपासून कंपनीचा तयार कॉम्प्युटर, पण त्यावर असले गेम चालत नव्हते. त्यामुळे तो जळायचा आणि दादा फुगायचा.

मला काय काम होतं? धूळ पुसायचं. कीबोर्ड पुसायचा, पडदा पुसायचा आणि बाजूला व्हायचं. तरी मी खूश होते, कारण अप्पांनी मला शब्द दिला होता. एक डिसेंबरला अंबाजोगाईत नवीन कॉम्प्युटर क्लास सुरू होणार होता आणि त्यात माझं नाव घालायचं ठरलं होतं. आमच्या वर्गातली एकही मुलगी जाणार नव्हती. मी जाणार होते. शाळेत माझं ते तीन वेळा तरी सगळ्यांना सांगून झालं होतं.

नवव्या दिवशी दादा अमरसिंहाच्या मोटारसायकलवर परळीला गेला. मी पुसायला गेले आणि बसले. हो, बसले. गेम सुरू केला. लाल गाडी घेतली. काय सांगू, पहिल्याच वळणावर मी दोघांना मागं टाकलं! आणि मग थोड्या वेळानं गाडी हिसके द्यायला लागली. दोन हात पुढं जायची, थांबायची, परत उडी मारायची. आवाजसुद्धा तुकड्या-तुकड्यानं यायला लागला. मी घाबरून हात काढला, तर दारात दादा उभा आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारा अमरसिंह.

"हात लावलास कावून?" दादा ओरडला.

"मी फक्त गेम लावला. आपोआप अटकायला लागलं."

"आठ दिवस अटकलं न्हाई. तू बसलीस अन् अटकलं?"

अमरसिंह हसला. "श्रीशैल, पोरींच्या हाताला मशीन मानवत न्हाई बे. आमच्या इथं तर मी खोलीत येऊच देत न्हाई."

आरडाओरडा ऐकून अप्पा दुकानातून आत आले. दादानं त्यांना पडदा दाखवला, उड्या मारणारी गाडी दाखवली, आणि माझ्याकडं बोट. अप्पा रागावले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "कावेरी, घरचं मशीन मोडलंस. क्लासचं मोडल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? राहू दे तो क्लास."

एवढंच. आणि परत दुकानात गेले, कारण गिऱ्हाईक थांबलं होतं.

बरं, दादानं तिथं थांबावं की नाही? नाही. गिरणीत सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं, मावशीला फोन करून सांगितलं, दुकानात येईल त्याला साखर बांधता बांधता सांगितलं. "नवा कोरा कॉम्प्युटर, आमच्या कावेरीनं मोडला." शाळा सुरू झाली तर वर्गात मला नाव पडलं होतं, 'मोडकी'. तीन वेळा सांगितलेला क्लास आता मला तीस वेळा ऐकावा लागला. "काय गं मोडकी, जाणार का अंबाजोगाईला?"

त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं. एक, मी मोडलेलं नाही. दोन, ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही. आणि तोपर्यंत तोंडानं म्हणावं लागलं तरी मनातल्या मनात भावाला 'दादा' म्हणणार नाही. नुसतं श्रीशैल.

मला कॉम्प्युटरला हात लावायला बंदी होती. बघायला नव्हती. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. श्रीशैल जे करायचा ते सगळं मी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. त्यानं विंडोज तीनदा पुसून परत घातलं. ड्रायव्हरच्या सीड्या चार वेळा घातल्या. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांना खोडरबर घासलं, तेही माझं सुगंधी खोडरबर, विचारलंसुद्धा नाही. केबली बदलल्या. कार्ड काढून फुंकर मारून बसवलं. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता झालं बघा." आणि नवव्या मिनिटाला गाडी हिसके द्यायची.

नवव्या. मी दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. सकाळी थंडीत दहा, दुपारी आठ, पण आसपास नऊच. मग लोडशेडिंगनं मला खरी गोष्ट सांगितली. आमच्याकडं वीज चार-चार तास जायची. वीज येऊन पहिल्यांदा लावला की नऊ मिनिटं गेम झकास. पण हिसके सुरू झाल्यावर चिडून बंद करून लगेच परत लावला की दोनच मिनिटांत हिसके. म्हणजे त्याला विश्रांती लागत होती. बिघडलेली वस्तू विश्रांतीनं बरी होत नाही. दमलेली होते. नाहीतर तापलेली.

"दादा, आत काही तापत असेल का?" मी एकदा उंबऱ्यावरूनच विचारलं.

"पंखा फिरतोय दिसत न्हाई का? पंखा फिरतोय म्हणजे तापत न्हाई. तू लसूण सोल."

बरं. सोलला.

बसस्टँडजवळ सुग्रीवमामा ॲम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्त करायचे. आमचे मामा नाहीत, सगळ्या गावाचे मामा. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांची सगळी मशीनं त्यांच्याच टेबलावर. मी दुकानातला रेडिओ घेऊन गेले आणि सहज विचारलं, "मामा, एखादं यंत्र आधी नीट चालतंय अन् नऊ मिनिटांनी अटकायला लागतंय, असं कावून होतं?"

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "आमचा ॲम्प्लिफायर बी असाच. सुरुवातीला झ्याक बोलतो अन् कीर्तन रंगात आलं की आवाज फाटतो. आतला ट्रान्झिस्टर तापतो, पोरी. त्याला ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर बसवावं लागतं, म्हणजे गरमी त्या पट्टीत जाती. पण नुसतं बसवून जमत न्हाई. मधी ही पांढरी पेस्ट लागती." त्यांनी डबी उघडून दाखवली. दाट, दुधासारखी पांढरी. "ही न्हाई लावली, न्हाईतर वाळून गेली, की दोघांच्या मधी हवा राहती. गरमी जाणार कुठनं? मग वर पंखा लाव न्हाई तर बर्फ ठेव."

"कॉम्प्युटरलाबी लागती का ही?"

"मी कॉम्प्युटर उघडला न्हाई कधी. पण तापणारी वस्तू ती तापणारी वस्तू. घेऊन जा थोडी." त्यांनी कागदावर बोटभर पेस्ट दिली, पुडी बांधली. मग हळूच म्हणाले, "तूच मोडलास म्हणं तो?"

"कुणी सांगितलं?"

"श्रीशैल आलता सेल घ्यायला."

बघा! सेल घ्यायला गेला तरी माझं नाव.

त्या रात्री भाकरी खाताना मी साळसूदपणे विचारलं, "दादा, प्रोसेसरवर पंखा बसवताना मधी पांढरी पेस्ट लावतात म्हणं. तू लावलीस का?"

त्याचा घास हातात राहिला. एक क्षणच, पण राहिला. "लावली की. कंपनीची. प्रोसेसरबरोबर नळी आलती, तीच लावली. अन् ऐक, त्या पंख्याला कुणी हात लावायचा न्हाई. सील हाय. उघडलं की वॉरंटी गेली."

सगळं उघडून झालं होतं त्याचं, प्रत्येक स्क्रू काढून झाला होता. वॉरंटी फक्त पंख्याचीच कशी?

कार्तिक पौर्णिमेला आमच्या घरची मंडळी दर वर्षी कपिलधारला यात्रेला जातात. मी पाय मुरगळल्याचं सांगितलं, लंगडून दाखवलं, आणि शेजारच्या सुंदरबाईंकडं जेवायचं कबूल केलं. जीप वळणाआड गेली आणि माझा पाय बरा झाला.

बोर्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यात एक वाक्य सापडलं ते मी दोनदा वाचलं, प्रोसेसर फार तापला तर जळू नये म्हणून तो आपणहून आपला वेग कमी करतो. मग वायर काढली, कॅबिनेटचं दार काढलं. पंख्याखाली ॲल्युमिनिअमचा मोठा ठोकळा आणि त्याला धरणारे दोन खटके. मी आधी पाणी पिऊन आले. एक खटका उचलला, दुसरा उचलला. ठोकळा सुटून हातात आला.

प्रोसेसरवर पेस्ट नव्हती. वाळलेले पांढरे पोपडे होते, उन्हात तळ्याचा गाळ भेगाळतो तसे. बोट लावलं तर पीठ झालं. मी ते नाकाशी नेलं.

आमच्या घरात जन्मलेल्या कुणालाही तो वास झोपेतसुद्धा ओळखू येईल. रोज सकाळी आंघोळ झाली की आई वडी पाण्यात भिजवते आणि आमच्या कपाळावर तीन बोटं ओढते. विभूती! माझ्या इंजिनिअर भावानं प्रोसेसरला विभूती फासली होती!

सगळं एकदम जुळलं. नळी त्यानं रेल्वेत नाहीतर कुठंतरी हरवली असणार. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानं बंद, संध्याकाळी सगळी पोरं येणार, आणि पेस्टसारखी पांढरी, दाट दिसणारी एकच वस्तू घरात. पाण्यात कालवून लावली, ओली होती तोपर्यंत काम केलं तिनं. आतल्या गरमीनं वाळायला आठ दिवस लागले. आणि नवव्या दिवशी बसले मी.

पुडी माझ्या हातात होती. पुसायचं, बोटभर पेस्ट लावायची, खटके बसवायचे. दहा मिनिटांचं काम.

मी तशीच बसून विचार केला. आज मी हे गुपचूप नीट केलं तर काय होईल? संध्याकाळी श्रीशैल येईल, लावेल, गाडी पळेल, आणि म्हणेल, "बघा, केलं का न्हाई मी नीट?" गिरणीत सांगेल, स्टँडवर सांगेल. मी मोडलं आणि त्यानं जोडलं. म्हणजे मी जन्मभर मोडकी आणि क्लास कायमचा गेला.

मी पुडी परत बांधली. पोपडे होते तसे ठेवले आणि ठोकळा होता तसा बसवला. नाही, खरं सांगायचं तर होता तसा नाही बसला. पोपडे हलले होते. दुसऱ्या दिवशीपासून गाडी चौथ्या मिनिटाला हिसके द्यायला लागली, आणि मी लसूण सोलता सोलता गाणं गुणगुणायला लागले.

कपिलधारहून आल्यावर आईनं पिशवीतून विभूतीच्या नव्या वड्या काढल्या. "बरं झालं आणल्या. आधीची सगळी वडी श्रीशैलनं मागून घेतली होती लक्ष्मीपूजनाला. मशीनची पूजा करतो म्हणला. मला तर एवढं बरं वाटलं, शहरात शिकून बी देवाला विसरला न्हाई पोरगा."

मी श्रीशैलकडं बघितलं. तो बुटाची नाडी सोडत होता. सुटलेलीच नाडी परत परत सोडत होता.

म्हणजे त्याला माहीत होतं! निदान शंका तरी होतीच. आणि तरी माझं नाव गावभर. आतापर्यंत मला नुसता राग होता. आता मला घाई राहिली नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याची जी दशा झाली ती मी चवीचवीनं बघितली. पंखा उघडून विभूती काढायची म्हटली तरी तिच्या जागी लावायला पेस्ट नव्हती, आणि ती सुग्रीवमामांच्या टेबलावर असते हे त्याला कुठं ठाऊक? म्हणून तो बाकी सगळं करायचा. वीज कमी येते म्हणून वायरमनला घेऊन आला. कॅबिनेट भिंतीपासून लांब ओढलं, जवळ ओढलं. औरंगाबादच्या मित्राला एसटीडीवरून फोन केले. तोंड उतरलं, दाढी वाढली. मी त्याला चहा नेऊन द्यायचे आणि विचारायचे, "झालं का रे नीट?" रोज. न चुकता.

मात्र घड्याळ माझ्याही मागं लागलेलं होतं. क्लासला नाव घालायची शेवटची तारीख सोमवार, चोवीस. आणि मला हे सगळ्यांसमोर करायचं होतं, जसं त्यानं केलं तसं. संधी अमरसिंहानंच दिली. शुक्रवारीच तो येतो म्हणून सांगून गेला होता आणि रविवारी सकाळी दहाला सात-आठ पोरं घेऊन आला. "श्रीशैल, लई दिवस झाले. आज शर्यत होऊनच जाऊ दे."

श्रीशैलला नाही म्हणता येईना. लावला. चार मिनिटं झाली आणि गाडी उड्या मारायला लागली.

"ही गाडी हाय का बेडूक बे?" अमरसिंह म्हणाला आणि खोली हसली.

"कावेरीनं बिघडवलंय म्हणून सांगितलं की तुला," श्रीशैल म्हणाला.

मी उंबऱ्यावरून उठले. ओढणीवरची लसणाची सालं झटकली आणि दुकानाच्या बाजूचं दार उघडून हाक मारली, "अप्पा, जरा आत या. गिऱ्हाईक बी येऊ द्या संगं."

अप्पा आले. त्यांच्या मागं दोन गिऱ्हाइकं आली, आणि त्यातले एक सुग्रीवमामा. मी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की रविवारी दहाला गूळ घ्यायला या. प्रेक्षक मी निवडून आणले होते.

"अप्पा, मी हे आत्ता नीट केलं तर?"

"तू?" अमरसिंह म्हणाला. "मोडणारी बी तूच अन् जोडणारी बी तूच?"

"तुला विचारलं न्हाई. अप्पा, नीट झालं तर उद्या क्लासला माझं नाव घालायचं. अन् हे कुणी बिघडवलं ते दादा समद्यांसमोर सांगणार. न्हाई झालं तर परत क्लासचं नाव काढणार न्हाई."

अप्पांनी खोलीतल्या तोंडांकडं बघितलं. चार माणसांत झालेलं बोलणं ते मोडत नाहीत, हे मला माहीत होतं म्हणूनच चार माणसं जमवली होती. "कर," ते म्हणाले.

"वॉरंटी जाईल!" श्रीशैल ओरडला. "अप्पा, तिला त्या पंख्याला—"

"पंख्याचं नाव मी अजून घेतलंच न्हाई," मी म्हणाले.

मी वायर काढली, दार काढलं, खटके उचलले. ठोकळा उलटा करून सगळ्यांना दाखवला आणि हाक मारली, "आई, इकडं ये गं. हे काय हाय सांग."

आई ओल्या हातानं स्वयंपाकघरातून आली. तिनं त्या पांढऱ्या पिठाला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि डोळे मिटून सवयीनं ते बोट कपाळाला लावलं.

मग तिनं डोळे उघडले. ठोकळ्याकडं बघितलं, श्रीशैलकडं बघितलं. "अरे, ही तर कपिलधारची विभूती! तू पूजेला नेलतीस ना रे?"

सुग्रीवमामांना आधी हसू फुटलं. मग कोण हसलं नाही ते विचारा. अमरसिंह तर भिंतीला टेकून खाली बसला. "इंजिनेर!" एवढंच म्हणत होता. "इंजिनेर!"

अप्पा हसले नाहीत. "श्रीशैल, सांग."

"पेस्टची नळी हरवलती," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "दुकानं बंद होती."

"अन् बिघडवलं कुणी?" मी विचारलं.

"कावेरी, पुरे कर," आई म्हणाली. "भाऊ हाय तुझा."

"गिरणीत सांगताना मी बहीण न्हवते का?"

मी श्रीशैलच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. घाई केली नाही.

"मी," तो म्हणाला. "मीच. तिनं न्हाई."

पण अजून काम राहिलंच होतं. मी कापसानं प्रोसेसर पुसला, ठोकळा पुसला, पुडी सोडून पेस्ट पातळ पसरली. खटके बसवले. लावला, आणि खुर्चीवर बसले मी. लाल गाडी. कुणीही मला ऊठ म्हणालं नाही.

खरं सांगते, मला खात्री नव्हती. मामांची पेस्ट ॲम्प्लिफायरची, कॉम्प्युटरची नाही. नाही चालली तर? विभूती सापडली म्हणून गाडी पळेलच असं थोडंच आहे? चौथं मिनिट गेलं. एक पोरगा घड्याळाकडं बघून मोठ्यानं मोजायला लागला. सहा. सात. आठव्याला मी एका वळणावर धडकले आणि सगळ्यांनी श्वास ओढला, पण ती माझी चूक होती, कॉम्प्युटरची नाही. नऊ. मी पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. गाडी पुलावर चढली, उतरली, लोण्यासारखी. दहा. पंधरा. विसाव्या मिनिटाला अप्पा "गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून दुकानात गेले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं जा. श्रीशैल घेऊन जाईल. फॉर्म बी तोच भरील."

मी अजून तासभर खेळले. अमरसिंहानं दोनदा विचारलं, "आता मी बसू का?" मी म्हणाले, "तुझ्या हाताला मशीन मानवत न्हाई वाटतं."

सोमवारी सकाळी आम्ही स्टँडवर निघालो. श्रीशैलनं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांची मी यादी केली होती, माझ्या माहितीतली सतरा नावं. वाटेवर त्यातली सहा भेटणार होती. पहिली गिरणी.

"इथं कशाला थांबलीस? गाडी चुकल," तो म्हणाला.

"गाडी दर तासाला हाय. सांग त्यांना."

त्यानं सांगितलं. पुटपुटला. मी म्हणाले, गिरणी चालू आहे, ऐकू आलं नाही त्यांना. त्यानं मोठ्यानं सांगितलं. सहाव्या माणसापर्यंत त्याचे कान लाल झाले होते आणि आम्हाला दुसरी गाडी मिळाली.

अंबाजोगाईला क्लासच्या ऑफिसात मॅडम बसल्या होत्या. दोनच जागा राहिल्या होत्या. श्रीशैलनं फॉर्म घेतला आणि भरायला लागला. अक्षर त्याचं चांगलं आहे, ते मान्य. नाव, पत्ता, शाळा, इयत्ता. खाली एक रकाना होता, संगणकाचा पूर्वानुभव असल्यास. त्यात त्यानं लिहिलं, 'थोडाफार'.

मी वाचलं. फॉर्म त्याच्या हातातून घेतला, दोन तुकडे केले आणि त्याच्या खिशात घातले.

"मॅडम, दुसरा फॉर्म देता का? ह्यांच्याकडनं चूक झाली."

मॅडमनी दिला. श्रीशैल माझ्याकडं बघत राहिला. "काय लिहू?" त्यानं विचारलं. पहिल्यांदा विचारलं.

"जे झालं ते. कुणी काय लावलं, कशानं वाळलं, कितव्या मिनिटाला अटकत होतं, अन् कुणी काढलं. लिही, मी सांगते." मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. "अन् रकाना पुरला न्हाई तर मागच्या बाजूला लिही. मागची बाजू कोरी हाय."